फ्लॅटला नॉमिनी तुम्ही आहात; मालक कोण कोण आहे?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात पाचपाखाडीला सोसायटीतला टू बीएचके. करारनामा १९९७चा, वडील आणि आई दोघांच्या नावाने. शेअर सर्टिफिकेटवरही दोघे, पहिले नाव वडिलांचे. वडील आठ महिन्यांपूर्वी गेले. नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचे नाव सोसायटीत आहे. घरात आई, लग्न झालेली बहीण पुण्यात, धाकटा भाऊ कॅनडात, आणि वडिलांची आई, वय ८६, साताऱ्याजवळ गावी. सेक्रेटरी म्हणतात, "नॉमिनी आहे ना, फॉर्म भरा, पंधरा दिवसांत तुमच्या नावावर करून देतो." वर्ष-दोन वर्षांत फ्लॅट विकायचा विचार आहे. काय करावे?

सेक्रेटरींचा फॉर्म भरा, पण त्याने फ्लॅट तुमचा झाला असे समजू नका. आणि त्याआधी एका कागदावर वारसांची यादी लिहून काढा. तुम्ही प्रश्नात आजीचा उल्लेख जाता जाता केला आहे. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तीच आहे.

आधी नॉमिनीचे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासद वारल्यावर नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' करून घ्यायचे, तेही खरे वारस किंवा मृत्युपत्राने ज्याला मिळाले ती व्यक्ती सभासद होईपर्यंतच. सोसायटीला देखभाल खर्चाचे बिल कोणाच्या नावे फाडायचे, नोटीस कोणाला द्यायची, हे कळावे म्हणून ही सोय आहे. मालकी ठरते वारसा कायद्याने. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ सालीच सांगितले होते, आणि कंपनीच्या शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. नॉमिनेशन हा वारशाचा तिसरा मार्ग नाही. नॉमिनीने अर्ज सहा महिन्यांत करावा असे आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीत, आहे. तुमचे आठ महिने झाले म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही, पण आता उशीर नको.

दुसरा गैरसमज आईच्या बाबतीतला. "दोघांच्या नावावर होता, म्हणजे आता आपोआप आईचा" असे पुष्कळ घरांत धरून चालतात. बँकेच्या जॉइंट खात्यात 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशी सोय असते, तशी फ्लॅटला नसते. करारात हिस्से लिहिलेले नसतील आणि पैसे कोणी किती घातले याचा वेगळा पुरावा नसेल, तर निम्मे-निम्मे धरतात. वडिलांच्या निम्म्याचेच वाटप होईल. वडील हिंदू होते असे धरून हिशेब मांडतो, कारण मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाचे वारस सारख्या वाट्याने घेतात: विधवा पत्नी, मुलगे, मुली, आणि त्याची आई. मुलीचे लग्न झाले की नाही याने काही फरक पडत नाही. गेलेल्या माणसाचे वडील हयात असले तरी ते पहिल्या वर्गात येत नाहीत, त्याची आई मात्र येते, आणि ती नेमकी विसरली जाते. तुमच्या घरात पाच वारस. वडिलांचा निम्मा हिस्सा पाचांत वाटला की प्रत्येकी एकदशांश. म्हणजे पूर्ण फ्लॅटचे शंभर भाग केले तर आईचे स्वतःचे ५० आणि वारशाचे १०, असे ६०. तुमचे १०, ताईचे १०, भावाचे १०, आजीचे १०. नॉमिनी म्हणून तुमच्या हाती शंभर येतील असे सेक्रेटरींना वाटते. कायद्याने ते दहा आहेत.

अर्थात मृत्युपत्र सापडले तर हा सगळा हिशेब बाजूला पडतो, निदान वडिलांच्या निम्म्यापुरता. कपाट, बँकेचा लॉकर, एलआयसीच्या फायली पाहा. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. साध्या कागदावर हाताने लिहिलेले, दोन साक्षीदारांच्या सह्यांचे मृत्युपत्रही चालते. 'प्रोबेट आणा', म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे कोर्टाकडून प्रमाणित करून आणा, म्हणून कोणी अडवले तर सांगा, की महाराष्ट्रात हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची जी सक्ती होती ती मुंबई शहरात केलेल्या किंवा तिथल्या मालमत्तेच्या मृत्युपत्रांपुरती. ठाणे आणि नवी मुंबई त्या हद्दीत कधीच नव्हती. मुंबईतला वकील सवयीने प्रोबेट सांगतो आणि ठाण्यातल्या सोसायट्या तेच ऐकून बसतात.

आता खरा प्रश्न: ठेवायचा की विकायचा? लोक हा प्रश्न शेवटी विचारतात आणि मग केलेले कागद फुकट जातात. बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो हक्कसोडपत्राचा. सगळ्यांनी आपले हक्क एकाच्या नावे सोडायचे, मग तो विकेल आणि पैसे वाटेल. विकायचेच ठरले असेल तर माझे मत याच्या उलट आहे. हक्क सोडूच नका. पाचही जण विक्री करारावर विक्रेते म्हणून सह्या करा, आणि ग्राहकाचे पैसे आपापल्या हिश्श्याप्रमाणे आपापल्या खात्यात घ्या. एकाच्या नावे केले की भांडवली नफ्यावरचा सगळा कर त्या एकट्याच्या डोक्यावर येतो, घर घेऊन किंवा बाँडमध्ये गुंतवून कर वाचवण्याची सवलतही त्याच्या एकट्याच्या मर्यादेत राहते. आणि 'पैसे नंतर वाटू' हे हक्कसोडपत्रात कुठेच लिहिलेले नसते. सख्ख्या भावंडांतही ते वाक्य विकल्यानंतरच्या आठवड्यात वेगळे ऐकू येते.

वारशाने मिळाले त्यावर आयकर नाही. विकताना खरेदीची किंमत वडिलांनी दिली तीच धरतात, आणि किती वर्षे ताब्यात होते हेही वडिलांच्या खरेदीपासून मोजतात. तुमचा करार १९९७चा, म्हणून त्याऐवजी १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य धरता येते, पण त्या दिवसाच्या रेडी रेकनरच्या (स्टँपसाठीच्या सरकारी दरपत्रकाच्या) मूल्यापेक्षा जास्त नाही. ते मूल्य मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून आताच लिहून घ्या. करार झाल्यावर, रिटर्न भरायच्या आठवड्यात ते शोधत बसू नका.

पण आजी ८६ची आहे. तिला वर्ष-दोन वर्षे थांबवण्यात जोखीम आहे. ती सही न करता गेली तर तिचा दहावा हिस्सा तिच्या वारसांकडे जाईल: काका, आत्या, आणि तुम्ही तिघे मिळून वडिलांच्या जागी एक वाटा. आजोबा हयात असतील तर तेही. काका-आत्यांपैकी कोणी आधीच गेले असेल तर त्यांची मुले. पाच सह्यांचे काम बारा सह्यांचे होते, आणि त्यातला एखादा चुलतभाऊ गावच्या जमिनीचा जुना हिशेब इथे काढतो. तेव्हा बाकीचे चौघे विक्रीपर्यंत थांबा. आजीचे आताच मिटवा.

मिटवा म्हणजे तिचा अंगठा घ्या असे नव्हे. ठाण्यातल्या फ्लॅटचा दहावा हिस्सा ही लहान रक्कम नाही. तिला आधी विचारा, हवा आहे का. हवा असेल तर विक्रीत तिचा वाटा तिला द्या. नको असेल, तर ती आईच्या किंवा तुम्हा भावंडांच्या नावे हक्कसोडपत्र करू शकते. दस्त तिला मराठीत वाचून दाखवला, समजला, असे दस्तात लिहा, आणि त्याच दिवसाचे डॉक्टरांचे 'शुद्धीत व समजून सही करण्यास समर्थ' असे पत्र जोडा. म्हाताऱ्या माणसाकडून घेतलेले हक्कसोडपत्र पुढे कोर्टात पाडले जाते ते बहुतेक याच दोन गोष्टी नसल्यामुळे.

हक्कसोडपत्राबद्दल चार गोष्टी पक्क्या धरा. एक, ते नोंदवलेलेच हवे. स्टँपपेपरवर 'माझी हरकत नाही' असे लिहून नोटरी केलेला कागद सोसायटीच्या फायलीत छान दिसतो, पण स्थावर मालमत्तेतला हक्क त्याने सुटत नाही. नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे नोंदणी लागते. ग्राहकाच्या बँकेचा वकील पहिला आक्षेप यावरच घेतो, आणि तोवर सही करणारा कधी परदेशात तर कधी भांडलेला असतो.

दोन, स्टँप. आई-वडील, मुलगा-मुलगी, नवरा-बायको, सख्खे भाऊ-बहीण, आधी वारलेल्या मुलाची मुले, किंवा अशा नातेवाइकांचे कायदेशीर वारस यांच्या नावे वारशाच्या मालमत्तेतला हक्क सोडला, तर ठरावीक रक्कम लागते. ती २०० रुपये होती. ऑक्टोबर २०२४ पासून ५०० आहे. ज्याच्या नावे सोडले तो या नात्यात बसत नसेल तर खरेदीखतासारखे पूर्ण शुल्क, म्हणजे ठाण्यात ७ टक्क्यांच्या घरात. आजी तुमच्या आईच्या नावे सोडणार असेल तर आई सून म्हणून नव्हे, 'मयत मुलाची विधवा व कायदेशीर वारस' म्हणून दस्तात यायला हवी. एका शब्दाने ५०० रुपयांचे काही लाख होऊ शकतात. नोंदणी शुल्क आणि पानागणिक हाताळणी शुल्क याहून वेगळे.

तीन, मोबदला. पैसे घेऊन हक्क सोडत असाल तर तसे लिहा. मग मुद्रांक कार्यालय त्याकडे विक्री म्हणून पाहू शकते हेही गृहीत धरा. 'विनामोबदला' लिहून मागून रोख देणे यात घेणारा आणि देणारा दोघेही अडकतात.

चार, ते मागे घेता येत नाही. रागाच्या भरात किंवा दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत करू नका. एखाद्या वारसाचे वय अठराच्या आत असेल तर त्याचा हिस्सा आईलाही परस्पर सोडता येत नाही, जिल्हा न्यायालयाची परवानगी लागते. तुमच्याकडे तसे कोणी नाही. पण वारलेल्या भावाची लहान मुले असलेल्या घरांत हाच मुद्दा दस्त अडकवतो.

आजी साताऱ्याहून ठाण्याला येऊ शकत नसेल तर? मालमत्ता ज्या हद्दीत, तिथल्या दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा, हा साधा नियम. तेव्हा तिने साताऱ्याच्या दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) प्रमाणित करून द्यायचे, आणि मुखत्याराने ठाण्यात हक्कसोडपत्रावर सही करायची. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी निबंधक घरी येऊ शकतो, त्यासाठी अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. मुखत्यार म्हणून तुम्हाला किंवा आईला नेमू नका. ज्याला हक्क मिळतो त्यानेच देणाऱ्याच्या वतीने सही केलेली पुढे खुपते. काका किंवा आत्या असेल तर उत्तम, त्यांनाही सगळे माहीत राहते. आणि एक घाईची गोष्ट: मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की मुखत्यारपत्र संपते. ते करून फायलीत ठेवून देऊ नका. साताऱ्याचा कागद हातात आला की त्याच आठवड्यात ठाण्याची अपॉइंटमेंट घ्या.

भावाचे तुलनेने सोपे. त्याने कॅनडातल्या भारतीय वाणिज्य दूतावासात मुखत्यारपत्रावर सही करून ते साक्षांकित करून मूळ प्रत कुरिअरने पाठवायची. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथला स्टँप भरून घ्या. पाकीट पोहोचल्याच्या तारखेचा पुरावा जपून ठेवा, कारण तीन महिने तिथूनच मोजतात. त्यात फ्लॅटचा पूर्ण पत्ता, त्याचा हिस्सा, आणि नेमके कोणते अधिकार (विक्री करार करणे, नोंदणीसाठी हजर राहणे) हे स्पष्ट लिहा. मालमत्तेचा उल्लेख नसलेले मोघम मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाच्या टेबलावरून परत येते. विक्रीत त्याच्या हिश्श्याचे पैसे त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाच्या इथल्या रुपया खात्यात) जातील, आणि ग्राहकाला त्याच्या वाट्यावर टीडीएस तुमच्यापेक्षा बराच जास्त कापावा लागेल. निवासी विक्रेत्यांसाठी ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात १ टक्का असतो. कमी कापण्याचा दाखला भाऊ आयकर विभागाकडून मागू शकतो. तो करार नोंदवायच्या आधी मागितला तर उपयोग.

सोसायटीकडे एवढे द्या: मृत्यूचा दाखला, मूळ शेअर सर्टिफिकेट, सर्व वारसांची नावे-वये-पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र, इन्डेम्निटी बाँड (पुढे कोणाचा दावा आला तर नुकसान भरून देण्याची लेखी हमी), हक्कसोडपत्र झाले असेल तर त्याची प्रत आणि सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा 'इंडेक्स टू' उतारा). उपविधीच्या मागे अर्जांचे नमुने छापलेले असतात, तेच वापरा. नॉमिनी नसता तर सोसायटीने निदान दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस देऊन हरकती मागवायच्या असतात. तुमच्याकडे नॉमिनी आहे म्हणून ती सक्ती नाही, तरी विकायचे असल्यामुळे स्वखर्चाने देऊन टाका. ग्राहकाचा वकील तशीही मागेलच.

'कोर्टाचा वारसदाखला आणल्याशिवाय नाही' असे कमिटी म्हणाली, तर त्यांना कलम १५४ब-१३ वाचून दाखवा. मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारसदाखला किंवा वारसांनी आपसांत केलेले कौटुंबिक व्यवस्थापत्र, असे पर्याय 'किंवा' लावून दिले आहेत. वारसांत वाद नसेल तर कोर्टात जायचे कारण नाही. वाद असेल, कोणी सापडत नसेल, किंवा ग्राहकाची बँक अडून बसली, तर स्थावर मालमत्तेसाठी दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या मुंबई विनियमाखालचा वारसदाखला काढतात. उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळे. ते मुदत ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी. फ्लॅटसाठी चुकून ते काढून सात-आठ महिने घालवणारे लोक दरवर्षी दिसतात. तहसीलदाराचा वारस दाखला पेन्शन-अनुदानासाठी ठीक आहे, फ्लॅटच्या मालकीसाठी त्यावर विसंबू नका.

पैशाचे म्हणाल तर प्रवेश शुल्क १०० रुपये, हस्तांतर शुल्क ५००. ट्रान्स्फर प्रीमियम, ज्याची महापालिका हद्दीतली कमाल मर्यादा २५,००० आहे, तो वारस आणि नॉमिनीला लागतच नाही. 'बिल्डिंग फंडाला ऐच्छिक देणगी' असे म्हणून मागितली तर लेखी मागणी द्या म्हणा. विषय तिथेच संपतो. अर्जाची पोच सही-शिक्क्यासह घ्या. तीन महिन्यांत निर्णय नाही दिला किंवा नाकारले, तर सहकारी संस्थांच्या ठाण्यातल्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते. त्यासाठी पोच हाच तुमचा पुरावा.

दस्त नोंदवण्याचे यांत्रिक भाग एजंट करून देतात: नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर माहिती भरणे, ग्रास चलन (सरकारी शुल्क ऑनलाइन भरल्याची पावती), वेळ घेणे. तुम्ही स्वतः फक्त तीन गोष्टी तपासा. दस्तातले नाव आधार-पॅनवरच्या नावाशी जुळते का (१९९७च्या करारात वडिलांचे नाव आणि आडनाव उलटसुलट असेल तर 'एकच व्यक्ती' असे प्रतिज्ञापत्र लागेल), फ्लॅट क्रमांक आणि क्षेत्रफळ मूळ करारातले तसेच उतरले का, आणि १९९७चा करार नोंदवलेला व पुरेशा स्टँपचा आहे का. शेवटचे आताच पाहा. त्यात खोट निघाली तर दंडासह ती निस्तरायला महिने जातात आणि ग्राहक तेवढा थांबत नाही. सही केलेला दस्त चार महिन्यांच्या आत नोंदणीला हजर करावा लागतो, त्यानंतर दंड.

महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावरचे नाव हा मालकीचा पुरावा नाही, तरी बदलून घ्या. वारसाने मृत्यूपासून वर्षभरात महापालिकेला कळवायचे असते; तुमच्याकडे चार महिने आहेत. तुमच्या प्रभाग समितीच्या करविभागात अर्ज द्या, आधी थकबाकी भरा. महावितरणचे मीटर आणि गॅस जोडणी विकेपर्यंत आईच्या नावे केली तरी चालेल.

हेच प्रकरण वाशी, नेरूळ किंवा खारघरचे असते तर एक पायरी वाढली असती. तिथली जमीन बहुतेक सिडकोची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवले म्हणजे सिडकोच्या दप्तरात चढले असे होत नाही. बेलापूरच्या सिडको भवनात वसाहत विभागाकडे वारसांचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, आणि ते राहून गेले की विक्रीच्या वेळी सिडकोची परवानगी वडिलांच्याच नावावर अडते. खारघर, कामोठे, कळंबोली नवी मुंबई म्हणत असलो तरी रायगड जिल्ह्यात, पनवेल महापालिकेत आहेत. दस्त आणि मालमत्ता कर, दोन्हीसाठी पनवेलला जायचे, ठाण्याला नाही.

तुमच्यापुरता क्रम असा धरा. या आठवड्यात मृत्युपत्राचा शोध, मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती, आणि आजीला भेटायला सातारा. तिचे ठरले की मुखत्यारपत्र आणि लगेच हक्कसोडपत्र. त्याच महिन्यात सोसायटीत अर्ज: तुम्ही तात्पुरते सभासद, आणि सोबत सर्व वारसांची यादी लेखी, म्हणजे पुढच्या कमिटीलाही ती फायलीत दिसेल. भावाचे मुखत्यारपत्र ग्राहक ठरत आला की मागवा, फार आधी नको. आणि आईला एक सांगा: तिचे ६० टक्के आता तिच्या एकटीचे आहेत, विक्री लांबली तर तिने स्वतःचे मृत्युपत्र करून ठेवावे.